पिशवी

उपासना संपली की हॉलमध्ये पोळ्यांच्या चळती.
एलिशिबामावशी मोजते, दर वेळी दोन चुकते.
"जास्तच असू देत," म्हणते.
पाळकांनी प्रार्थना आटोपती घेतली,
भाजी निवत होती.

परळला, हॉस्पिटलच्या भिंतीलगत
एक्स-रेची पाकिटं उशाला घेऊन
बसलेली असतात गावोगावची माणसं.
मी डबा पुढे केला.
जिंतूरची बाई म्हणाली, जेवण झालंय ताई.
तेवढी पिशवी बघता का?
चार दिवस झाले, आंघोळ करून येते.

बसले मग.
पिशवीच्या तोंडाशी फायली, पोराचा स्वेटर,
प्लास्टिकात गुंडाळलेली
छोटी चप्पल. एकच.

ऊन पायांवर आलं.
आमची गाडी पुढच्या गल्लीत गेली.
कुठल्याशा ट्रस्टची पोरं आली,
काही न विचारता माझ्या हातात
केळं ठेवलं, बिस्किटांचा पुडा ठेवला.
एक जण वाकून म्हणाला, "धीर धरा, आई."

सांगणारच होते
की मी त्यातली नाही.
तोवर तो पुढच्या चटईपाशी.

केळं सोललं. खाल्लं,
पिशवीवरचा हात न काढता.

ती आली, केसांतून पाणी निथळत,
म्हणाली, खोळंबा झाला ना तुमचा?
पुडा तिनंच फोडला.