कोरा खण

हर्णैला बर्फाच्या कारखान्यावर माझी खोली.
खाली लाद्या फुटतात, वर टेबल थरथरतं,
आणि पडद्यावर एक चौकट उघडी:
तीनशे पासष्ट ओळी, नऊ स्तंभ.
ओळ म्हणजे दिवस. स्तंभ म्हणजे
बांगडा, तारली, मांदेली, सुरमई, कोळंबी...
आकडे टोपल्यांचे. टोपली केवढी,
हे विचारायचं राहूनच गेलं.
अशा एकोणीस चौकटी, एकीमागे एक रचलेल्या.

आकडे धर्मा पावशांच्या वह्यांतले.
लिलावाशेजारी उकिडवे बसून
पेन्सिलीनं उतरवलेले.
पहिल्या टोपलीला ते एक म्हणत नसत,
लाभ म्हणत.
पानावरही तसंच: लाभ, मग दोन, मग तीन.
माझ्या भाषेला लाभ ठाऊक नाही.
मी १ लिहिला.
एका पानाला खवला चिकटलेला, नखाएवढा;
तो कुठल्या स्तंभात घालायचा?

तशी ही भाषा गुणाची.
खण मोजते ते एकापासून, शून्यापासून नाही.
दिवसामागून दिवस फिरत बसावं लागत नाही,
एका चिन्हासरशी सगळं वर्ष भावानं गुणून देते.
वर एक टिंबाएवढी खूण केली
की दिवस उभे राहतात, मासे आडवे होतात.
ओळीशेवटी अर्धविराम दिला
तर हिशेब करून गप्प बसते,
विसरलात तर पडदाभर मासळी ओतते.
फक्त माप जुळायला हवं.
नऊ मासे आणि आठ भाव
असा गुणाकार ती करत नाही,
कितीही दमदाटी करा.

माझी चूक ऑक्टोबरातली.
सातव्या वहीत अकरा खण कोरे होते.
मी शून्यं भरली, अकराच्या अकरा, एका आज्ञेत.
आलेखात खड्डा पडला.
खड्ड्याला कारण हवं, म्हणून
पाण्याचं तापमान आणलं, वारा आणला,
दोन परिच्छेद लिहिले, चांगले जमले होते.

वह्या न्यायला चंपावती आली, त्यांची धाकटी.
खड्ड्यावर बोट ठेवून बघत राहिली.
"तेव्हा बाबा काविळीनं पडलेले.
होड्या गेल्या, म्हावरं आलं, रग्गड आलं.
मोजायला कोण नव्हतं."

शून्य म्हणजे जाळं टाकलं
आणि वर आलं ते रिकामं.
त्यासाठी डिझेल जळलेलं असतं, हात सोललेले असतात.
शून्य कमवावं लागतं.

कोऱ्या खणाला भाषेत वेगळं नाव आहे: संख्या नव्हे.
त्याची तुलना त्याच्याशीच करा,
भाषा सांगते, हे दोन समान नाहीत.
कशातही मिळवा, उत्तर तेच.
मी अकरा शून्यं पुसून ती नावं लिहिली
आणि वर्षाची बेरीज विचारली.
संख्या नव्हे.
तीनशे चोपन्न दिवसांची मासळी
अकरा दिवसांच्या काविळीनं गिळली.

कोरे खण वगळून बेरीज कर,
अशीही आज्ञा आहे. ती मी देईन,
सोमवारी दापोलीला आकडा पाठवायचाय.
दोन परिच्छेद मात्र खोडले,
आणि तळटीप लिहायला घेतली:
या दिवसांत मासे होते.
पुढे काय लिहावं ते सुचेना.

चंपावती वह्या पिशवीत घालून गेली.
खवला टेबलावरच राहिला.
खाली लादी फुटली की
जरासा सरकतो.