हाकेचं नाव

पुष्करनं मोबाइल माझ्या नाकापुढे धरला:
"आत्या, तू फक्त सांग, यातलं कुठलं."
चौतीस नावं. बारसं गुरुवारी.
मी म्हटलं, आधी चष्मा दे, मग पोहे दे,
आणि शेव जरा हात सोडून घाल.

कियारा. इस्त्रीची कंपनी वाटते.
अनायरा. म्हणजे काय?
"म्हणजे आनंद, असं दिलंय."
कुठल्या भाषेत?
"ते नाही दिलंय."
मायरा. अरे, माळव्यातच जन्मलास ना तू?
मायरा म्हणजे भाचीच्या लग्नात मामा घेऊन येतो ते,
साड्या, पातेली, पाकिटं.
पोरीला हाक मारायची की आहेर मोजायचा?
विहीणबाई देवासच्या. पदराआड हसल्या.
भावानं भरलेला मायरा त्यांना अजून तोंडपाठ आहे,
उणा निघालेल्या दोन वाट्यांसकट.

रेवा.
इथे मी थांबले.
दोन अक्षरं, जिन्यावरून ओरडायला सोपी.
शिवाय रेवा म्हणजे नर्मदा,
रामबागेतल्या आमच्या नळाला दिवसाआड येणारी.
"हिनंही दिवसाआड रडावं," सून म्हणाली,
"मला झोप तरी मिळेल."

पण नाव ठेवून होतंय काय!
ते राहतं आधारकार्डात.
हाकेचं तर कधीच ठरलंय:
पाचव्या दिवशी, हिरव्या दुपट्यात गुंडाळलेली,
वर चार तांबूस केस,
बघून शेजारचा शौनक ओरडला, "भुट्टा!"
रात्रीपर्यंत तिची भुट्टी झाली.

मी म्हटलं, जपून रे बाबांनो.
आमच्या गल्लीतला छोटू बासष्टचा आहे.
पिंकीचे दोन्ही गुडघे बदलून झाले.
गुड्डू वकील गेले तेव्हा पेपरात
खरं नाव छापलं,
तर निम्मे लोक आलेच नाहीत,
कोण गेलं तेच कळेना.

आणि मी.
माझं बारसं झालं नाही.
चौथी मुलगी. पाळणा माळ्यावरून
खाली काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.
एम. वाय. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर
नर्सनं आडनावाआधी लिहिलं होतं: बेबी.
तेच शाळेत गेलं, तेच हजेरीत बसलं.
बोर्डाचा फॉर्म भरताना बाई म्हणाल्या,
"हे काय नाव आहे? उद्या खरं घेऊन ये."
जणू डब्यासारखं घरी विसरले होते.

घरी विचारलं नाही.
नंदलालपुऱ्याच्या वळणावर एक पाटी होती,
निरंजना शिवणक्लास, तीन महिन्यांत ब्लाउज.
शिवणक्लास तिथेच ठेवला
आणि उरलेलं घेऊन आले.
नोकरीचं पत्र आलं त्या नावाचं,
तर आईनं पोस्टमनला दारातूनच सांगितलं,
"इथे असं कुणी राहत नाही."
मी सायकलनं त्याला मागून गाठलं.

मग सदतीस वर्षं वीज मंडळात सही.
सहीपलीकडे ते नाव कुणी वापरलं नाही,
घडी न मोडलेल्या साडीसारखं
अजून तसंच आहे.

गुरुवार. पाळण्याला झेंडू, घरभर घुगऱ्यांचा वास,
बायका माझ्या पाठीवर टपलेल्या.
वाकले. उजव्या कानात कुर्र केलं,
म्हटलं, रेवा.
तिनं जांभई दिली.
पाठीत धपाधप बुक्के पडत होते, हशा चालला होता,
तेवढ्यात डाव्या कानात म्हटलं,
मी निरंजना.
उगीच आपलं. तुला ठाऊक असावं.

स्वयंपाकघरातून वहिनींची हाक आली,
"बेबी, घुगऱ्या वाढायला घे गं!"
विहीणबाईंनी पाळण्यात बघितलं.
मी पदर खोचला.