रेष जाड होते तिथे

पद्मावतीच्या पादचारी पुलावर रात्री कुणी चढत नाही.
पायऱ्यांवर लघवीचा वास,
कठड्याला क्लासच्या जाहिराती, एकीवर एक चिकटलेल्या,
आणि मधोमध मी,
ट्रायपॉडच्या पोटाला
भाजीच्या पिशवीत दोन विटा टांगून.
वारा असतो. विटा लागतात.

एफ अकरा, आयएसओ शंभर, तीस सेकंद.
बटण दाबलं की आपलं काम संपतं.
उरतं ते खिशात हात घालून उभं राहणं.

कात्रजकडून येणारे पांढरे,
कात्रजकडे जाणारे लाल.
बसच्या कपाळावरच्या पाटीची केशरी पट्टी सगळ्यांच्या वरून.
रिक्षाचा एकच डोळा, म्हणून एकच रेघ.
वळणाऱ्याचं इंडिकेटर धावदोऱ्यासारखं:
टाका, मोकळी जागा, टाका.
ॲम्ब्युलन्सची निळी शिवण तशीच, फक्त घाईत घातलेली.
कंटेनर गेला की पूल थरथरतो
आणि सगळ्या रेषांना एकदम कापरं भरतं.
असले फोटो मी खोडत नाही.

परवा हवालदार खिलारे वर आले, धापा टाकत.
"परवानगी?"
"कशाची?"
"ते मलाही बघावं लागेल."
मग पडद्यावर वाकले, बराच वेळ.
"एवढी वाहनं गेली, एक दिसत नाही की हो.
नंबरप्लेट तर सोडाच."
जाताना म्हणाले, "माझा येईल का?"
खाली दुभाजकावर जाऊन उभे राहिले, पोट आत घेऊन, हात वर.
अठराव्या सेकंदाला त्यांचा फोन वाजला आणि ते निघून गेले.
आले फोटोत, पण आरपार.
छातीतून एक टेम्पो गेलेला.
"पाठवा व्हॉट्सॲपला," म्हणाले,
"बायको हेच म्हणते, तुम्ही घरात अर्धेच असता."

पावणेबाराला बिभीषण रस्ता ओलांडतो.
अंडाभुर्जीची गाडी, शेगडी विझलेली, तवा पालथा,
उरलेली कोथिंबीर ओल्या फडक्यात.
चार महिने झाले,
रोज माझ्या चौकटीतून डावीकडून उजवीकडे जातो
आणि एकाही फोटोत नाही.
चूक कुणाची नाही. तो चालतो, आणि त्याला दिवा नाही.

एकदा म्हटलं, ओलांडताना शेगडी पेटती ठेवाल का,
निळी बारीक रेघ येईल तुमची.
हसला.
"ताई, सिलिंडर कितीला झालाय, ठाऊकाय?"
आमच्याकडे पाइपचा गॅस.
मी गप्प बसले.

काल घरी फोटो मोठा करून लाल रेषा मोजत होते, उगाच.
पेट्रोल पंपासमोर, मेडिकलच्या पाटीच्या जरा अलीकडे
सगळ्या एकाच जागी जाड झालेल्या.
वाटलं, स्क्रीनवर डाग. ओढणीने पुसला.
राहिला.
मग मंगळवारचा काढला,
दिवाळीच्या आधीचा,
तो कापरं भरलेलासुद्धा.
तिथेच. पावणेबाराच्या प्रत्येकात तिथेच.

ब्रेक.
दोन मोटारींनी, एका रिक्षाने,
कात्रजच्या शेवटून दुसऱ्या बसने
तिथे पाय दाबलाय,
लाल साकळलंय अंगठ्याएवढं,
मग पाय सुटलाय
आणि रेघ पुन्हा बारीक होऊन घाटाकडे गेली आहे.
पुढे हातभर नुसता अंधार.
त्या अंधारात गाडीचं डावं चाक कुरकुरतं.
ते मला माहीत आहे, फोटोला नाही.

उद्या त्याला दाखवायचाय.
काय दाखवणार, ते अजून नीट ठरत नाही.
बोट ठेवून म्हणेन, हे बघा,
इथे सगळे तुमच्यासाठी थांबले होते.

तो म्हणेल, थांबले कुठले ताई,
शिव्या दिल्या.