निंदण

त्रिमूर्तीनगरच्या घरामागे, सांदवाडीत,
पाच बाय आठ फुटांचा माझा स्ट्रॉबेरीचा वाफा.
ऑक्टोबरात रोपं आली पुठ्ठ्याच्या खोक्यातून,
काळ्या मातीला बिचकत.
मी वाळू मिसळली, शेणखत घातलं,
पाण्याची नळी धरून उतार काढला,
चारी बाजूंनी विटा लावल्या.
तण मात्र न बोलावता आलं.
आलं म्हणजे काय, होतंच.

आधी हराळी. उपटली तरी
एखादं पेर मागे ठेवूनच जाते.
मग लव्हाळा. वरून ओढावा तर पातं हातात,
आणि खाली काळा मणी तसाच,
पुढच्या आठवड्याची तारीख घेऊन बसलेला.
आंबुटी तर इतकी बेमालूम, तीन पानांची,
स्ट्रॉबेरीचंच लेकरू समजून
मी तिला महिनाभर पाणी घातलं.

एकतीस वर्षं अतिक्रमण विभागात काढली.
नोटीस, पंचनामा, चोवीस तासांची मुदत.
आता गुडघ्याखाली गोणपाट, हातात खुरपं,
आणि सवय तीच :
आधी मोजणी, मग हात.

पंचफुलाबाई कुंपणापलीकडून बघते.
'काहून जी साहेब, घोळ फेकून रायले?
भाजी होते ना तिची.
अन् बाकीचं ओलीतच काढा, मुळासकट.
वाळल्यावर काढाल त मुंडकंच येईन हाती.'

दुसऱ्या दिवशी तिनं तणसाचा भारा टाकला आत,
भंडाऱ्याच्या भावाकडचा, धानाचा.
'अंथरा रोपाखाली. उजेड नाही भेटला
त आपोआप गप बसते सारं.'

उजेड नाही भेटला त.
मी खाली बघत तणस पसरत राहिलो.
नाल्याकाठच्या एका वस्तीत
आम्ही वीज आधी तोडली होती,
घरं नंतर.

जानेवारीत फळं लागली.
निम्मी बुलबुलांनी नेली, उरली ती आंबट.
आणि फेब्रुवारीच्या पहिल्या उन्हात
रोपांना लालसर, लांब कोंब सुटले,
एकेक टोक विटेवरून पलीकडे उतरलं
आणि घोळीच्या जागेत मूळ धरून बसलं.

मी टेप लावला. विटेबाहेर सव्वा फूट.
पंचफुलाबाई तोंडाला पदर लावून हसली,
'द्या आता नोटीस.'

खुरपं नळाखाली धुतलं.
धुतलेलं पाणी ओघळत गेलं
जिकडे उतार होता तिकडे.