दोन घरं डावीकडे

रोज पहाटे सव्वापाचला
फ्लाटेरीच्या मासळी-हॉलमध्ये प्रिंटर खरखरतो.
नावं डावीकडे टेकलेली, वजनं उजवीकडे,
मध्ये मोजून भरलेलं कोरेपण:
नावाला बारा घरं, किलोला आठ,
दशांशाचा ठिपका ठिपक्याखाली.

सोलरूनने ही स्क्रिप्ट लिहिली त्या रात्री
हॉलचा बॉयलर बंद पडला होता.
हातमोजे न काढता टाइप केलं, ती सांगते,
जणू त्यानेच सगळं झालं.

स्वानूर, बिर्टा, हाउकूर, गेइर,
चार होड्या ओळंब्यात.
थोरे मात्र कलंडलेली,
तिचा कॉड, तिचा हॅडॉक
दोन घरं डावीकडे.

त्यांच्या लिपीत थोरेची अक्षरं पाच.
पहिलं जुनं, त्याला ते काटाच म्हणतात,
दुसऱ्याच्या डोक्यावर तिरकी रेघ.
माणूस एकेक मोजतो.
यंत्र बाइट मोजतं,
त्याला ही दोन्ही दुहेरी दिसतात.
पाचाच्या नावाला सात घरं लावली
आणि पुढचं कोरं तेवढं कापलं.
काना-मात्रा वाहणाऱ्या आपल्याला
हा हिशेब नवा नाही.

सहा वर्षं कुणी काही बोललं नाही.
मग एका फेब्रुवारीत
वाऱ्याने होड्या आठवडाभर बांधून ठेवल्या
तेव्हा सोलरूनने एक ओळ बदलली:
बाइट नको, अक्षरं मोज.
पाचही एका रेषेत. तिने कागद
उजेडात धरून दोनदा पाहिला.

वारा पडला, केटिल आला,
थोरेचा मालक, ब्याऐंशीचा.
यादीवर अंगठा फिरवला वरून खाली,
मग खालून वर.
"माझी होडी कुठाय?"
"चौथी ओळ, केटिल."
"इथे तर सगळ्या सारख्याच."

मोतीबिंदूने अक्षरं केव्हाच नेली होती.
तो कोरं वाचायचा:
जिथे आकडे आत शिरतात ती आपली,
बायकोच्या नावाची.
हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं,
आताही नाही सांगितलं.
टोपी घातली, गोदीकडे गेला.

आता स्क्रिप्टमध्ये एक अट आहे.
नाव थोरे असेल
तर रुंदी बाराऐवजी दहा.
वर टिप्पणी: ही चूक नाही.

उन्हाळ्यात शिकायला आलेल्या पोराने
बोट ठेवून विचारलं, हे काढू का?
सोलरून प्रिंटरमध्ये कागद भरत होती.
भोकं दात्यांवर नीट बसेपर्यंत
तिने मान वर केली नाही.