जुळ्यांची काच

झेलेझ्नी ब्रोद गावात, यिझेरा नदीच्या वळणावर,
व्लास्ताबाई ज्योतीपुढे बसण्याआधी चष्मा पुसतात.
जांभळट भिंगं, एक दांडी तारेने बांधलेली.
काच तापली की तिच्यातलं सोडियम पेटतं,
आणि असा पिवळा कल्लोळ उठतो
की आत काय वितळतंय ते दिसतच नाही.
चष्मा नेमका तेवढाच पिवळा गिळतो.
बाकी सगळं जिथल्या तिथे:
ज्योतीचं निळं बूड, त्यांच्या मनगटावरचे डाग,
माझा एका अंगाला कललेला फुगा.

पहिल्या दिवशी त्यांनी तो माझ्या नाकावर चढवला.
आग होती. तिचा आरडाओरडा नव्हता.

या भिंगांत दोघं राहतात.
पुष्कळ वर्षं एकच समजले गेलेले,
आणि गंमत अशी की नाव तेव्हाही जुळंच.
मग कुणी क्षार विरघळवला, आटवला,
स्फटिक धरू दिले, वरचं पाणी ओतून घेतलं,
पुन्हा विरघळवला. शंभरदा.
आणखी शंभरदा, चुलीवरचं दूध राखावं तसं बसून.
शेवटी एका बशीत हिरवट उरलं, दुसरीत गुलाबी.
प्रासिओडिमियम. निओडिमियम.

लांबलचक भावंडांची ती रांग,
पुढचं प्रत्येक मागच्याहून जड
आणि तरी अंगाने किंचित बारीक.
रंग देणारे इलेक्ट्रॉन पार आतल्या खोलीत;
दाराशी दुसरेच बसलेले, आल्यागेल्याशी बोलायला.
शेजारी ऑक्सिजन येवो की क्लोरीन,
आतले फारसे जागचे हलत नाहीत.

'आमची द्राहोमीरा,' व्लास्ताबाई म्हणाल्या, आणि नळी फिरवत राहिल्या.

द्राहोमीरा, बारा मिनिटांनी धाकटी.
अडुसष्टच्या ऑगस्टनंतर सीमेपलीकडे, ग्म्युंडला.
तिथे सेरियम ऑक्साइडच्या राबडीने भिंगं घासते.
नखांतली पांढरी भुकटी
नाताळातसुद्धा निघत नाही, असं लिहिते.
आणि दर पत्रात शेवटी:
बाबांची फुलदाणी निळी होती, व्लास्ता.
आणि दर उत्तरात शेवटी:
जांभळी.

सव्वीस वर्षं.
मी पत्रं मोजली नाहीत; बिस्किटांचे तीन डबे भरलेत.

परवा मला राहवलं नाही.
त्यांच्या खिडकीतली फुलदाणी उचलली,
उन्हात ती जांभळीच, द्राक्षाच्या सालीसारखी.
अंगण ओलांडून कारखान्यात नेली,
जुन्या फळीवर ठेवली, ट्यूबलाइट लावली.
निळी. थंड, पातळ निळी,
जणू दुसऱ्याच कुणी फुंकलेली.
द्राहोमीरा याच फळीखाली रात्रपाळी करायची.

धावत सांगायला गेलो.
दोघीही बरोबर आहेत, बाई! प्रकाशाचा दोष!

व्लास्ताबाईंनी ज्योत बारीक केली.
चष्मा कपाळावर सरकवला, माझ्याकडे बघितलं,
मी त्यांचं काहीतरी फोडून आल्यासारखं.
'चाळीस वर्षं काच करते मी.
निओडिमियम मला शिकवतोस?'

मग जरा वेळाने, फुलदाणी जागेवर ठेवत:
'ती तरी काय, भिंगंच घासते. तिलाही ठाऊक आहे.
पण मग पत्रात लिहायचं काय, सांग.
गुडघे दुखतात म्हणून?'

संध्याकाळी मी टपालाला पाकीट नेलं.
चिकटवलेलं नव्हतं नीट. वाचलं, चूक झाली.
गुडघ्यांबद्दल दोन ओळी होत्याच.
आणि खाली, पेन दाबून:
जांभळी.