न फिरणारी मोटर

मकरपुरा जीआयडीसी, शेवटून दुसरी शेड.
कनुभाईंनी टेबलावर ठेवली
हातभर लांब नळी, आत गुळगुळीत दांडा.
औषधाच्या बाटल्यांना बुचं लावणाऱ्या यंत्रातली.
"बेन, बळी गई," म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.

तावडेकाका चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.
एकतीस वर्षं गोल मोटरी भरलेला माणूस.
"फिरत नाही? मग मोटर कसली ही?"

म्हटलं, काका, गुंडाळलेली चटई समजा.
तुमची मोटर उभी चिरायची, जमिनीवर पसरायची,
आणि आता दुसऱ्या बाजूने गुंडाळायची.
फिरणं तेच. फक्त सरळ निघतं.

आत वेटोळी एकापुढे एक,
मंगळबाजारात दांडीवर बांगड्या असतात तशी.
तीन फेज पाळीपाळीने जाग्या होतात,
चुंबकाची लाट नळीतून पुढे सरकते.
दांड्यातली चुंबकं उत्तरेला उत्तर भिडवलेली,
मन नसताना शेजारी;
लाट जाईल तिकडे ती जातात.
भिंती दांड्याला चहूकडून सारख्याच ओढतात,
म्हणून तो कुठल्याच भिंतीचा होत नाही.
गिअर नाही, पट्टा नाही,
बाहेर लोंबणारी तांब्याची डोकीही नाहीत.
हे ऐकून काकांनी खुर्ची ओढली.
त्या डोक्यांना दोरा बांधता बांधताच
त्यांची बोटं वाकली होती.

जळालेलं वेटोळं सातवं निघालं.
वार्निशचा कडू वास.
नवीन भरताना वेढे काकांनीच मोजले, ओठ हलवत.

दांडा हाताने ढकलला. सहज गेला.
मग त्यांनी उगाच तिन्ही तारा एकत्र पिळल्या
आणि पुन्हा ढकलला.
काकवीत चमचा फिरवावा तसा जड.
तारा सोडल्या: हलका.
जोडल्या: जड.
"ढकललं की हीच वीज करते," मी म्हटलं,
"आणि तीच वीज अडवते."

"उभी बसवतात की आडवी?"
"उभी."
"मग लाइट गेली की?"

पडतो दांडा. खाली बाटल्या. कधी बोट.

संध्याकाळी कनुभाई न्यायला आले तेव्हा
नळीशेजारी जुन्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टर बसला होता,
वीज जाताच तिन्ही तारा एकत्र आणणारा.
"आना केटला?"
काकांनी उत्तर दिलं नाही.
नळी उभी धरली, दांडा वर ओढला, सोडला.

तो खाली आला
जिन्याचा कठडा धरून कुणी उतरावं तसा.